गाडीत कोण, टपावर कोण : रोलंडसनची प्रवासचित्रं

दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज चित्रकाराबद्दल पाटोद्यात बोलायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येणारच : त्याचा आणि आपला संबंध काय? संबंध रस्त्याचा आहे. हा तालुका घरी बसणारा तालुका नाही. मांजरा इथल्या डोंगरात उगम पावते आणि निघून जाते. दसरा-दिवाळी झाली की माणसंही तशीच निघतात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी कर्नाटकात. चूल, पत्र्याची पेटी, शेळी, लेकरं, कोयते असं सगळं घर गाडीवर चढतं. प्रवास म्हणजे काय, हे इथं कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

ज्याच्याबद्दल आज बोलायचं आहे त्या थॉमस रोलंडसननं आयुष्यभर प्रवासातली माणसं काढली. गाडीत कोंबलेली, सराईत भांडणारी, चिखलात घसरलेली, भाड्यावरून हुज्जत घालणारी. ती बघून लोक हसायचे, आजही हसतात. आम्ही या चित्रांना एकच प्रश्न विचारणार आहोत. प्रवासात हैराण झालेल्या माणसाला हसायचा हक्क कुणाचा, आणि तो हक्क कुठं संपतो? चित्रं पडद्यावर दाखवतो आहोतच. मागच्या रांगेला दिसत नसतील तर हात वर करा.

आधी माणूस थोडक्यात. रोलंडसनचा जन्म लंडनमधला, साधारण १७५६-५७ चा. वडील कापडाच्या धंद्यात होते आणि त्यांचं दिवाळं निघालं. मुलगा हुशार. रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिकला, पॅरिसलाही राहून आला. पुढं एका काकूकडून वारशाचा पैसा आला आणि तो जुगारात गेला. मग राहिला हात. १८२७ मध्ये मरेपर्यंत तो हात थांबला नाही, हजारो चित्रं काढली. डोक्यावर देणं असलं की हात कसा चालवावा लागतो, हे उचल घेतलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता त्याची पद्धत बघा, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यातून निघतो. रोलंडसन बोरूनं काढायचा. आपल्याकडं बाळबोध वळण गिरवायला जो बोरू होता, त्याच जातीची लेखणी. शाईत हिंगुळाचा लालसर रंग मिसळलेला, त्यामुळं रेघ काळी ठक्क न दिसता तपकिरी आणि उबदार दिसते. त्या रेघेवर पाण्यात पातळ केलेला रंग नुसता फिरवायचा. निळसर, पिवळसर, फिका गुलाबी. कागदाचा पांढरा बराचसा तसाच ठेवायचा. जलरंगात खोडाखोड फार चालत नाही. हात गेला तो गेला. म्हणून या चित्रांना एक घाई असते. गाडी सुटायच्या आत काढून घ्यायचं आहे, अशी.

आणि त्याची रेघ सरळ नाही. ती वळते, फुगते, पुन्हा बारीक होते. घोड्याचं पोट, सराईवालीचा गाल, चाकाचा आरा, दूरचं झाड, सगळं एकाच लहरीत. खड्ड्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीत बसून बाहेर बघितलं तर जग जसं हेलकावतं, तसं त्याचं चित्र हेलकावतं. प्रवास हा त्याचा नुसता विषय नव्हता, त्याच्या रेघेतच तो होता.

१७८४ सालचं उदाहरण घेऊ. इंग्लंडच्या आरमाराचं ‘रॉयल जॉर्ज’ नावाचं मोठं जहाज १७८२ मध्ये पोर्ट्समथजवळ, डोळ्यांदेखत, नांगरावर असताना बुडालं होतं. शेकडो माणसं गेली होती. ते बुडालेलं जहाज बघायला रोलंडसन आणि त्याचा दोस्त हेन्री विगस्टेड निघाले. भाड्यानं पोस्ट-शेज केली. ही बंद, चारचाकी घोडागाडी. तिला गाडीवानाची बैठक नसते, हाकणारा पोऱ्या जुंपलेल्या घोड्यावरच बसतो. ठरावीक अंतरावरच्या सराईत घोडे बदलायचे आणि पुढं निघायचं. सॉल्सबरी, लिमिंग्टन, वाइट बेट असा तो फेरा होता. त्या प्रवासाची साठहून अधिक चित्रं राहिली, त्यातली बरीचशी आज कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीत आहेत.

काय आहे त्यांत? जहाज बघायला निघाले खरे, पण चित्रं जहाजाची कमी आणि वाटेची जास्त. खाणं, पिणं, थांबणं, पुन्हा गाडीत चढणं. सराईतली वर्दळ आणि बाजाराचा चौक. मोठ्या दुर्घटनेची जागा बघायला निघालेला माणूस वाटेतल्या जेवणात रमतो, हे कुणाला खटकेल. आम्हाला त्यात खरेपणा दिसतो. पंढरीची वारी करून आलेल्या माणसाला विचारा, तो विठोबाबद्दल दोन वाक्यं बोलेल आणि मुक्कामाच्या भाकरीबद्दल दहा. प्रवासाची आठवण अशीच साठते.

पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. या चित्रांत रोलंडसन स्वतः आहे. तो आणि विगस्टेड हे त्या फजितीतलीच दोन पात्रं आहेत. बाहेर उभा राहून ‘बघा कशी माणसं आहेत’ असं तो म्हणत नाही. मीही या गाडीत आहे, मलाही धक्के बसताहेत, असं तो म्हणतो. गाडी त्यानं भाड्यानं केली होती, म्हणजे तो काही उपाशी नव्हता, हेही ध्यानात ठेवूया. तरी हसणारा आणि ज्याला हसायचं तो, दोघं एकाच बाकावर बसले आहेत.

आता थोडं मागं जाऊ. रोलंडसनच्या आधी विल्यम हॉगार्थ होऊन गेला, इंग्रजी व्यंगचित्राचा थोरला माणूस. त्याचं १७४७ सालचं छापील चित्र आहे. सराईचं आवार, भाड्याची मोठी गाडी सुटायच्या बेतात. एक जाडजूड बाई दारातून आत शिरता शिरता अडकली आहे. टपावर माणसं बसली आहेत. आणि गाडीच्या मागं बांधलेल्या मोठ्या टोपल्यात एक म्हातारी चिलीम ओढत बसली आहे. ही टोपली सामानासाठी असायची, आणि कमी पैसे देणाऱ्यांसाठीही. आत बसला तर एक भाव, टपावर वेगळा, टोपलीत आणखी कमी. एका गाडीत अख्खा समाज भावानुसार लावून ठेवलेला.

ही मांडणी आपल्या ओळखीची आहे. जीपमध्ये पुढं कोण बसतं, मागं कोण, आणि दरवाज्याला लोंबकळत कोण जातं, हे पाटोद्याच्या स्टँडवर कुणीही सांगेल. रोलंडसननं हीच मांडणी उचलली आणि आयुष्यभर वापरली. १८०७ च्या सुमारास तो ‘प्रवासातले हाल’ या विषयावर छापील चित्रं काढत होता. क्षमतेपेक्षा जास्त भरलेली गाडी हा त्याचा आवडता विषय. जाडी माणसं, अरुंद दार, रागावलेले चेहरे. हसू येतंच.

इथं मात्र आम्ही एक नोंद करून ठेवतो. रोलंडसनचा जाडा माणूस बहुतेक वेळा एकसारखा जाडा असतो, तरुण बाई एकसारखी टवटवीत आणि म्हातारी एकसारखी कुरूप. चेहऱ्यांचे साचे त्याच्याजवळ तयार होते. घरच्या रस्त्यावर असतानाही होते. जाड्या माणसाला जाड असल्याबद्दल हसणं हा काही फार थोर विनोद नाही. त्याची ही खोड पुढं महागात पडते, म्हणून आत्ताच सांगितली.

पुढचं चित्र १७९९ सालचं, ‘वेल्समध्ये प्रवास करणारा चित्रकार’. दोन वर्षं आधी विगस्टेडबरोबर तो वेल्सला गेला होता, त्यातून हे निघालं. पाऊस कोसळतोय. एक उंच, किडकिडीत चित्रकार एवढ्याशा तट्टावर बसून डोंगर उतरतोय. एका हातात छत्री. अंगाखांद्यावर चित्रकलेचं सगळं सामान लादलेलं. हमालाच्या डोक्यावर नाही एवढं ओझं कलेच्या डोक्यावर. डोंगरदऱ्यांचं सौंदर्य टिपायला आलेल्या माणसाला तट्टू खाली पडू नये एवढीच चिंता आहे. टोमणा आहे तो चित्रकाराला, म्हणजे स्वतःच्याच जातीला.

त्या काळात इंग्लंडमध्ये निसर्गदृश्यं बघत हिंडायची मोठी टूम होती. विल्यम गिल्पिन नावाचे एक पाद्री होते. कुठलं दृश्य ‘चित्रासारखं’ आणि कुठलं नाही, याचे नियम त्यांनी पुस्तकांतून घालून दिले. वाय नदीवरच्या त्यांच्या पुस्तकात टिंटर्नच्या पडक्या मठाचं वर्णन आहे. मठाचे कोपरे फार सरळ उरलेत, हातोडीनं थोडे नेमके फोडले तर बरं दिसेल, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. त्याच पडक्या भिंतींच्या आडोशाला भिकेवर जगणारी माणसं राहत होती. तीही गिल्पिननी पाहिली आणि नोंदवली. पण त्यांच्यासाठी काही नियम नव्हता. नियम होता तो भिंतीच्या कोपऱ्यासाठी.

या टूमेची रोलंडसननं जी खिल्ली उडवली ती म्हणजे डॉक्टर सिंटॅक्स. १८०९ पासून ही चित्रं मासिकात येऊ लागली, १८१२ मध्ये पुस्तक निघालं. सिंटॅक्स हा गरीब पाद्री-मास्तर. सुंदर दृश्यं काढून, प्रवासवर्णन छापून चार पैसे मिळवायचे म्हणून घोडीवर बसून निघतो. वाट चुकतो. वाटमारे लुटतात आणि झाडाला बांधून ठेवतात. चित्र काढता काढता पाण्यात पडतो. सराईच्या मालकिणीशी बिलावरून भांडतो. सौंदर्य शोधायला निघालेल्याला जग भेटतं ते असं. लोकांना इतकं आवडलं की सिंटॅक्सच्या नावाच्या टोप्या आणि कोटसुद्धा निघाले.

यातली एक गंमत सांगतो. चित्राबरोबरच्या कविता लिहिणारे विल्यम कूम हे कर्जापायी तुरुंगाच्या हद्दीत अडकलेले होते. प्रकाशक रुडॉल्फ आकरमान दर महिन्याला चित्र पाठवायचे, कूम त्यावर ओळी लिहायचे. पुस्तक होईपर्यंत चित्रकार आणि कवी भेटलेही नव्हते. म्हणजे इंग्रजीतलं एक गाजलेलं प्रवासकाव्य अशा माणसानं लिहिलं, ज्याला हिंडायची मुभा नव्हती. तेव्हा ‘जो गेला त्यालाच कळतं’ असा सरळ नियम आम्ही करू शकत नाही. कूम गेले नाहीत, तरी पुस्तक जमलं. का जमलं? सराई, बिल, मालकीण, चिखल हे कूमना ठाऊक होतं, आणि वाचणाऱ्यांनाही.

शिवाय आणखी एक कारण. ही चित्रं लंडनमध्ये दुकानांच्या काचेत लावलेली असत. आकरमानचं दुकान स्ट्रँडवर, टॉमस टेगचं चीपसाइडला, तिथं स्वस्तातली चित्रं मिळायची. विकत घेणारा घेई, बाकीचे काचेसमोर उभे राहून फुकट बघत. जाडा व्यापारी, पाद्री, वकील, सराईवाला, ज्यांची चित्रं होती ते त्या रस्त्यावरून जात होते. ते थांबू शकत होते, चिडू शकत होते, हसू शकत होते. चित्रकाराला गाठून चार शब्द सुनावू शकत होते. म्हणजे हसू एका बाजूनं जात होतं आणि त्याला परत यायला वाट होती. आमच्या मते व्यंगचित्राचा न्याय या वाटेवर ठरतो. तुम्ही ज्याला हसता, तो तुमचं चित्र बघायला येऊ शकतो का?

हा प्रश्न घेऊन आता मुंबईला जाऊ. होय, रोलंडसनची मुंबईही आहे.

१८१६ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडण्याच्या दोन वर्षं आधी, लंडनला टेगनं एक पुस्तक काढलं. त्याचं नाव मराठीत असं सांगता येईल : ‘ग्रँड मास्टर, अथवा हिंदुस्थानात क्वी हाय याची साहसं’. लेखकाचं टोपणनाव ‘क्विझ’. हे काव्यही कूम यांचंच, असं सहसा मानलं जातं. चित्रं रोलंडसनची. एक इंग्रज पोरगा कंपनीच्या फौजेत भरती होऊन जहाजानं निघतो, मुंबईच्या बंदरावर उतरतो, त्याची इथं काय दशा होते, अशी ती कथा. त्याचं नाव ‘क्वी हाय’ म्हणजे आपलं ‘कोई है?’. साहेब खुर्चीतून नोकराला जी हाक मारायचा ती. हाक मारता मारता ती त्या साहेबांचंच टोपणनाव होऊन बसली.

या नावाशी जरा थांबा. हाक मारणाऱ्याला नाव मिळालं. ज्याला हाक मारली तो ‘कोई’ राहिला. तो येतो, हुक्का भरतो, पालखी उचलतो, आणि त्याचं नाव कुणी विचारत नाही. रोलंडसननं एकही रेघ काढायच्या आधीच या पुस्तकातल्या जागा ठरून गेल्या होत्या.

पुस्तक कंपनी सरकारचं कौतुक करत नाही, हे मान्य करायला हवं. त्याचा रोख वरच्यांवर आहे. ‘ग्रँड मास्टर’ हा टोला गव्हर्नर जनरल लॉर्ड मोइराला आहे. मिशनरी धर्मांतर कसं घडवतात, याची टर एका चित्रात आहे. हजारो मैलांवर आणून सोडलेल्या कोवळ्या पोराचे हाल आहेत, आणि शेवटी त्याच्याकडं डॉक्टरच्या मदतनिसाची शेवटची भेट आहे. साम्राज्याची पोलादी प्रतिमा उभी राहायच्या आधी तिला आतून पोखरणारी ही चित्रं आहेत. त्या बाबतीत रोलंडसनची हिंमत खरी.

पण रस्ता बघा. रोलंडसन हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. १७८४ मध्ये त्याच्या बुडाखाली गाडीचा बाक होता, १८१६ मध्ये दुसऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी होत्या. मग जुनी खोड बाहेर येते. साचे. इंग्रज पोराचा चेहरा निदान चित्रागणिक बदलतो : उतावळा, दारूत, कर्जात, आजारात. त्याच्या भोवतीचे देशी लोक हे कथेतले कुणी नाहीत. ते गर्दी आहेत, देखावा आहेत.

एका चित्राचं नावच घ्या : ‘हिंदूंचे मंत्रतंत्र, घारापुरीतलं एक दृश्य’. घारापुरीची लेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तिथला तीन मुखांचा सदाशिव बघितलेल्या माणसाला ‘मंत्रतंत्र’ हा शब्द सुचणार नाही. तिथं आहे ती शांतता. दुसरं चित्र रात्री डोंगरीला दिलेल्या भेटीचं. डोंगरी म्हणजे मुंबईची जुनी वस्ती. तिथल्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजीत ‘डंगरी’ हा कापडाचा शब्द गेला. कामगाराच्या अंगावर जे कापड जगभर गेलं, त्या वस्तीची ओळख या पुस्तकात काय, तर साहेब रात्री चोरून जातो ती जागा.

डोंगरीचा माणूस चीपसाइडच्या त्या काचेसमोर कधी उभा राहणार होता? कधीच नाही. त्यानं चिडावं, हसावं, ‘माझं नाक असं नाही’ म्हणावं, अशी सोयच नव्हती. हसू गेलं आणि परत आलं नाही. तोच बोरू, तोच हात, तेच पातळ रंग, आणि तरी चित्र खालच्या दर्जाचं झालं. आमचं म्हणणं असं की, इथं हसणाऱ्याच्या अंगावर काहीच बेतत नव्हतं, म्हणून ते तसं झालं.

‘त्या काळात सगळे तसेच बघायचे’ हे उत्तर आम्हाला पुरेसं वाटत नाही. त्याच काळाच्या थोडं आधी पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट नावाचा चित्रकार होता. पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्यासाठी त्यानं चित्रं काढली. वेरूळला जाऊन लेणी काढली. आपल्या मराठवाड्यातलं वेरूळ. पैसे इंग्रजाचे, पण डोळा जागेवर गेलेला आणि हात इथला. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तो व्यंगचित्रकार नव्हता, तेव्हा तुलना ओढायची नाही. पण जाऊन बघणं आणि ऐकून काढणं, दोन्ही त्या काळात शक्य होतं. निवड होती.

आणि हसण्याचं म्हणाल तर आपल्याकडं त्याची पक्की रीत होती. पैठण इथून लांब नाही. एकनाथांच्या भारुडात सांगणारा बाहेर उभा राहून नावं ठेवत नाही. तो स्वतःच सोंग घेतो. वेडा होतो, जोशी होतो, विंचू चावलेला होतो. तमाशातला सोंगाड्या पाटलाची टर उडवतो तेव्हा पाटील समोर बसलेला असतो. तो उठून जाऊ शकतो, रागावू शकतो, दौलतजादाही करू शकतो. १७८४ चा रोलंडसन या रीतीच्या जवळचा आहे. १८१६ चा दूर गेलेला आहे.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. ऊसतोडीला निघालेल्या टोळीची चित्रं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. छापून येतात, प्रदर्शनात लागतात. बहुतेक दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात सूर्य मावळतोय, धूळ सोनेरी झाली आहे, बाईच्या डोक्यावर मोळी आणि मागं बैलगाड्यांची रांग. सुंदर. गिल्पिनसाहेब खूश झाले असते. दुसऱ्या प्रकारात रडकं लेकरू, भेगाळलेला पाय, कोपीसमोरची चूल. करुण. दोन्ही चित्रांतली माणसं एकाच बाबतीत सारखी : ती बोलत नाहीत. कुणी कुणाची चेष्टा करत नाही, कुणी भांडत नाही, मुकादमाच्या नावानं कुणी बोटं मोडत नाही. असा प्रवास कधी झाला आहे का? गाडीत चढताना जागेवरून भांडण नाही, कोंबडी सुटून पळाली नाही, मोबाइलचा चार्जर कुणाच्या पेटीत गेला यावरून कालवा नाही?

अशा चित्रात आम्हाला तरुण रोलंडसनची उणीव भासते. करुणा वाईट नाही. पण नुसत्या करुणेनं माणूस अर्धा होतो. हसतं-भांडतं माणूस चित्रात आलं की ते पुरं होतं.

इथं कुणी म्हणेल, यात हसण्यासारखं काय आहे? रास्त आहे. या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये इतका पुढं आला की सरकारला समिती नेमावी लागली. तिथं कुणी विनोद करायला जाऊ नये. पण उलट बाजूनं बघा. आपल्याकडं टोळीत नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात. माणसं दोन, हिशेबात अवजार एक. ‘कोई है’ म्हणणाऱ्यानं माणसाची हाक करून टाकली, या हिशेबानं जोडप्याचा कोयता करून टाकला. हा हिशेब मांडणाऱ्याला हसायला काय हरकत आहे? उचल देताना गोड बोलणारा आणि पट्टा पडताना फिरती बाकी काढणारा हे पात्र कुठल्याही रोलंडसनला पुरून उरेल. हसू वरच्या दिशेनं गेलं, की ते दुखणाऱ्याला दुखवत नाही. कधी कधी तेवढंच त्याच्या हातात असतं.

आता गाडीवरची पोरं स्वतःच मोबाइलवर व्हिडिओ काढतात. उसाच्या मोळीवर बसून एखाद्या सिनेमाच्या गाण्यावर हावभाव करतात, मागं गाडी डुगडुगत असते. मोठी माणसं म्हणतात, काय थिल्लरपणा आहे. आम्हाला त्यात १७८४ ची पोस्ट-शेज दिसते. काढणारा गाडीत आहे. धक्का त्यालाही बसतोय, चित्र हलतंय. ज्यांचं चित्र आहे ते संध्याकाळी कोपीत बसून ते बघतात आणि एकमेकांना नावं ठेवतात. हसू परत यायची वाट तिथं आहे. सगळे व्हिडिओ चांगले असतात असं मुळीच नाही. साचे तिथंही आहेत, सिनेमातून उसने घेतलेले. पण जागा बरोबर आहे.

रोलंडसनबद्दल आमचं मत एका शब्दात मागाल तर देता येणार नाही. तो थोर होता आणि तोच उथळही होता. आम्हाला शिकवतं ते हे, की दोन्ही वेळा हात तोच होता. कौशल्य कमी पडलं म्हणून मुंबईची चित्रं पडली नाहीत. उलट, हात इतका सराईत होता की समोर माणूस नसतानाही तो चालत राहिला. चित्र काढणाऱ्या, बातमी लिहिणाऱ्या, गोष्ट सांगणाऱ्या कुणालाही हा धोका आहे. बोलणाऱ्यालाही आहे, म्हणजे आम्हालाही.

समोर कॉलेजची मुलं बसली आहेत, त्यांना शेवटची विनंती. प्रवासाचं कुठलंही चित्र बघाल, लंडनचं असो, घारापुरीचं असो, नाही तर आपल्या सौताड्याच्या धबधब्याला आलेल्या पाहुण्यांनी टाकलेला फोटो असो, त्याला दोन गोष्टी विचारा. काढणारा गाडीत होता का? आणि ज्याला काढलं आहे, त्याच्या घरी हे चित्र पोचलं का? आणि तुमच्यापैकी ज्याच्या हातात रेघ आहे त्यानं यंदा दिवाळीनंतर गाड्या भरतात तिथं वही घेऊन जावं. आधी सामान चढवायला हात लावावा, मग काढावं. काढून झालं की पहिल्यांदा त्यांनाच दाखवावं. त्यांनी जे काही सुनावलं, ते चित्राखाली लिहून ठेवावं.

आम्ही इथंच थांबतो. प्रश्न असतील तर विचारा, माइक मागं पाठवतो आहोत.